हात बदलल्याची जागा

मे महिन्यात दुपारी दोनला
गोळीबार चौकातल्या आमच्या गल्लीत कुत्रंही बाहेर नसतं.
हे दोघे आले. पांढरे शर्ट, काळे टाय,
छातीवर पट्टी : एल्डर.
एक राजमहेंद्रीचा, एक थेट युटाचा.
मिसरूड धड फुटलेली नाही आणि म्हणे ज्येष्ठ.
म्हटलं, या बाप्पा, आधी कूलरपुढे बसा.

राजमहेंद्रीवाला हिंदीत देवाचं सांगू लागला.
मी म्हटलं, ते अनेक बायकांचं सांग.
तो गोऱ्याकडे पाहू लागला.

गोरा पाणी प्यायला. म्हणाला, होतं.
त्यांच्या प्रेषिताला आज्ञा झाली. तो कचरला,
तर देवदूत तलवार उपसून उभा राहिला, असं सांगतात.
लग्न मरणापाशी सुटत नाही,
मंदिरात शिक्का बसला की अनंतकाळ.
मग सरकारने माणसं जेलात टाकली, मालमत्ता धरली,
अठराशे नव्वदला जाहीरनामा निघाला : आता पुरे.

माझ्या बापाकडे देवदूत नव्हता आला.
दुसरा हातमाग आला होता.
त्यावर बसायला मजूर परवडेना,
म्हणून उमरेडहून माझी आई आणली,
कायदा यायच्या दोन वर्षं आधी.
थोरलीने तीन दिवस चूल पेटवली नाही.
चौथ्या दिवशी विचारलं, कांड्या भरता येतात का वं तुले?

गोऱ्याने फोनवर फोटो दाखवला :
खापरपणजोबा, भोवती पाच बायका.
दाढी मी पाहिलीच नाही.
दुसरीचा हात चौथीच्या खांद्यावर होता.
नावं विचारली. त्याला एकीचंच ठाऊक,
जिच्या पोटची त्याची ओळ.

बाप गेल्यावर एकोणीस वर्षं
दोघी सवती एका खोलीत निजल्या.
थोरली म्हणायची, मी आधी जातो वर,
झाडून ठेवतो. तू ये सावकाश.

तुमच्या स्वर्गात अजून चालतं का रे?
तो पायमोज्यांकडे पाहत राहिला.
मग इंग्रजीत काही बोलला, हळू.
दुसऱ्याने सांगितलं : याची आई हा नऊ वर्षांचा असताना वारली.
बापाने दुसरं केलं, मंदिरात.
शिक्का दोघींशीही आहे.

मी पेटीतलं लुगडं काढलं, जांभळ्या काठाचं,
एकाच मागावर दोघींनी आळीपाळीने विणलेलं.
म्हटलं, डोळे मिट, बोट फिरव.
एकीचा फणीचा ठोका घट्ट, एकीचा सैल.
पदरापासून दोन हातांवर त्याचं बोट थांबलं.
कोणती कोणाची, त्याने विचारलं.

कूलरचं पाणी संपलं होतं.
मी बादली घेऊन उठले.