लहानपणीचा शब्द

डॉक्टरबाईंनी विचारलं, शेवटचं पोट साफ कधी झालं,
आणि बाबा पडद्यावरच्या निळ्या फुलांकडे बघत राहिले.
छत्तीस वर्षं वुल्वरहॅम्प्टन ते डडली बस चालवलेला माणूस,
इंग्रजीत भांडणारा, इंग्रजीत शिव्या देणारा,
या एका प्रश्नाला त्याच्याकडे भाषा नव्हती.

मी मराठीत विचारू पाहिलं. बाहेरची? परसाकडे?
हे शब्द सुमनआत्याच्या फोनमधले,
माझ्या तोंडात नीट बसेनात.
मग आठवला एकच, त्यांनीच दिलेला:
मी तीन वर्षांची, पिवळ्या प्लास्टिकच्या भांड्यावर,
ते ड्यूटीच्या कोटात, समोर उकिडवे.

"बाबा, शी झाली का?"

त्यांनी डोळे मिटले. बोटं वर केली, नऊ.
मग जरा थांबून
अजून दोन.

अकरा दिवस.
त्यात पाठदुखीच्या गोळ्या, ज्या आतड्यालाही झोपवतात.
त्यात इसबगोल, घोटभर पाण्याबरोबर.
"परवापासून पातळ होतंय," ते पुटपुटले, "वाटलं, सुटलं एकदाचं."
नाही, बाबा. खडा तसाच अडून बसतो,
त्याच्या कडेकडेने नुसतं पाणी वाट काढतं,
बंद दाराखालून ओल यावी तसं.

सीटीच्या चित्रातलं मला काही कळेना.
बाईंनी पेनाने दाखवलं: हा दगड.
हे त्याच्या भाराने भिंतीला पडलेलं भोक.
आणि ही हवा, जिथे असू नये तिथे.
इथे सही करा.

छत्तीस वर्षं ते थांब्याथांब्यावर थांबले,
म्हातारीची पिशवी चढेपर्यंत, शाळेची पोरं उतरेपर्यंत.
स्वतःची कळ आली की ओठ दाबायचे. घरी गेल्यावर बघू.
घरी आल्यावर ती गेलेली असायची.
आई याला शिस्त म्हणायची.
मीही म्हणायचे, शाळेतल्या निबंधात लिहिलंसुद्धा.

चौथ्या दिवशी स्टोमाची नर्स ग्वेनिथ
पांघरूण बाजूला करते.
पोटावर लालसर, ओलं, गालाच्या आतल्या बाजूसारखं
एक नवं तोंड.
बाबा खिडकीकडे वळतात. मी बघते.
पिशवी आधी नुसती फुगते,
मग तळाशी चमचाभर काहीतरी.

"झाली!" मी ओरडते,
अख्ख्या वॉर्डात, मराठीत.
शेजारचा म्हातारा पेपर खाली करतो.
बाबा डोळे न उघडता विचारतात,
"किती?"