शंभरात किती

मी रक्त बघतो.
बहुतेक दिवस मलेरियाच्या काचा,
मधूनच विळ्यासारखी वाकलेली एखादी तांबडी पेशी,
आणि लाइट गेली की
खिडकीकडे आरसा फिरवून घेतलेलं ऊन.

सुगंता मावस्कर महिन्यात तिसऱ्यांदा आली
घसा घेऊन.
ओठाच्या कोपऱ्यात ताप फुटलेला.
पोलीस भरती, आठशे मीटर.
परतवाड्याच्या अकॅडमीतले सर म्हणाले म्हणे,
काळा मास्क लाव, झडपा आवळ,
डोंगरावर असल्यासारखी धाव,
छाती आपोआप मोठी होते.

डोंगरावरच तर राहते ती.
पण आमचा डोंगर पुरेसा उंच नाही.
इथली हवा सागाला पुरते,
रानगव्याला पुरते,
फक्त भरतीला पुरत नाही.

म्हटलं, उद्या पहाटे मी येतो घाटात.
तीन काचा, स्पिरिटचा बोळा, बॅटरी.
सुईले नाही भीत मी, ती म्हणाली,
शिट्टीले भितो.

पहिली काच साडेपाचला, धावण्याआधी.
दुसरी वळणावरच्या दगडापाशी.
गुडघ्यांवर हात टेकून ती हवा ओढत होती,
मे महिन्यात हापशीचा दांडा मारावा तशी,
नुसता लोखंडाचा आवाज.
नखं जांभळट.
तिसरी दोन तासांनी, दवाखान्याच्या पायरीवर,
ती चहात बिस्किट बुडवत असताना.
बिस्किट तुटून पडलं. दोघांनीही ते पाहिलं.

शंभर पेशी मोजायच्या,
शंभर झाल्या की यंत्राची घंटी वाजते.
पहिल्या काचेत
गोल, गडद, जागच्या जागी बसलेल्या लसिकापेशी:
चौतीस.
दुसरीत एकेचाळीस, आणि भोवती ही गर्दी,
जणू कोणी डबा बडवला
आणि अख्खा गाव काठ्या घेऊन बाहेर पडला,
कशासाठी ते कोणालाच माहीत नाही.
तिसरीत मी शोधत राहिलो.
काच सरकवली, मागे आणली,
घंटी वाजली.
चौदा.

तिचा बाप हरभऱ्याच्या जागलीला जातो.
गेल्या साली एका रात्री
नाल्याकडून हाळी उठली, गवे आले, गवे,
सगळे जागले मचाणावरून उतरून तिकडे धावले.
गवे नव्हतेच.
परतताना जो तो दमून
मिळेल त्या झाडाखाली आडवा झाला,
आणि त्या दोन-तीन तासांत रानडुकरांनी
हरभरा खाल्ला कमी, लोळवला जास्त.

मी सुगंताला हेच सांगितलं.
म्हटलं, मरत नाहीत त्या पेशी,
फुप्फुसात, आतड्यात, कुठं कुठं पांगतात,
संध्याकाळपर्यंत येतात परत.
तोवर शेत उघडं.
आणि हवा जितकी कमी
तितकी हाळी मोठी.

ती बोट दाबून ऐकत होती.
मंग मास्क काढला तं
पास होईन का, सर?

यावर काच काही सांगत नाही.
एका पोरीच्या तीन काचा म्हणजे पुरावा नाही,
हेही मला माहीत आहे.
रात्री झोप किती, विचारलं.
डाळ रोज असते का, विचारलं.
ती छताकडे बघत राहिली.

तिला न्यायला बाप आला होता, दारात उभा.
त्याने टेबलावरचा मास्क उचलला,
उलटा केला, झडपेतून बोट घालून पाहिलं.
हे तं मुस्कं हाय, म्हणाला.
मळणीच्या बैलाले घालतेत.
त्यानं दाणा खाऊ नाई म्हून.

आणि तो खिशात घालून गेला.
तो की ती, कोणाच्या खिशात,
आता नीट आठवत नाही.

रजिस्टरात या काचांसाठी रकाना नव्हता.
मी लिहिलं:
मलेरियाचे जंतू आढळले नाहीत.
तेही खरंच होतं.