कसावा आता तीन दिवसांनी वाळतो

कंपनीचा माणूस सांगून गेला, शुक्रवारी विझवणार.
मिताइरेनं विचारलं, किती वाजता?
म्हणजे त्याआधी शेवटची पाटी उचलता येईल.

तिच्या आईनंही इथेच वाळवला कसावा,
मातीच्या बांधाआड, आडव्या नळाच्या तोंडाशी,
जिथे तेलाबरोबर वर आलेला वायू
कुणालाच नको म्हणून रात्रंदिवस जळायचा.
सकाळी पसरायचा, दुपारी पोत्यात.
सरपण नको, ऊन नको,
फक्त तोंडाला ओलं फडकं
आणि वारा फिरला हे कळण्याइतकी अक्कल.
आईच्या भुवया तेवढ्या परत उगवल्या नाहीत.

छपराचे पत्रे चार वर्षांत चाळण व्हायचे.
पावसाचं पाणी पिऊ नका, दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या,
विहिरीचंही नको. मग कुठलं प्यायचं
ते सांगायचं राहून गेलं.
ओनाजितेचा खोकला तर घरचाच,
दाराच्या कडीसारखा वाजणारा.

शुक्रवारी मोठा आवाज झाला नाही.
उलट एक आवाज थांबला,
आणि थांबल्यावर कळलं की तो होता.
सगळे इतकी वर्षं एकमेकांशी ओरडून बोलत होते.
म्हातारा उमुकोरो नेहमीसारखा बायकोला हाक मारायला गेला
आणि स्वतःच दचकला.

मग अंधार.
गावात सहा बॅटऱ्या निघाल्या, दोनांत सेल नव्हते.
ओनाजिते रडली. नऊ वर्षांची पोर,
काळोख तिनं कधी अंगावर घेतला नव्हता.
"आपल्यावर कुणी झाकण ठेवलं?"
पहाटे कोंबडा आरवला, अगदी वेळेवर,
तर लोक घाबरून बाहेर आले.

वायू आता नळातून लागोसकडे जातो,
तिथे म्हणे त्याच्यावर दिवे लागतात.
मिताइरेनं नळाला हात लावून पाहिला. गार.
कान लावला. आत कुणीतरी घाईनं चाललेलं.
तिच्या चुलीत अजून रबराचं ओलं लाकूड.

कसावा तीन दिवसांनी वाळतो.
मध्येच ढग आले की आंबूस वास धरतो,
उघेलीच्या बाजारात बायका नाक मुरडतात, भाव पाडतात.
रात्री ती हिशेब करते,
बोटांवर, न दिसणाऱ्या बोटांवर,
पोत्यामागे इतकं गेलं, आठवड्याचं इतकं,
आणि मध्येच थांबते.
बराच वेळ झाला, पोरगी खोकली नाही.
उठून तिच्या नाकाशी बोट धरते.
श्वास आहे.

मग पुन्हा त्याच बोटापासून मोजायला लागते.