एकाच बोर्डावर

जगनाडे चौकातून फोन. निनावे काका.
"पोरी, तू नवीन विंडोज टाकून गेलीस,
तेव्हापासून हा रोज दुपारी मरून राहिला."
जोर 'तू'वर.
मी डिकीत पेचकस टाकला, पेनड्राइव्ह,
आणि शाळेतला असतो तसला खोडरबर.

आमच्या धंद्यात खोडरबर लागतो.
रॅमची पट्टी काढायची, तिचे सोनेरी दात घासायचे,
फुंकर मारून परत बसवायची.
निम्मे आजार एवढ्यावर जातात.

हा गेला नाही.
पहिल्या दिवशी रॅम घासली : दोन वाजून वीस, निळा पडदा.
दुसऱ्या दिवशी ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला : दोन वाजून पाच.
तिसऱ्या दिवशी सगळं पुसलं, पुन्हा विंडोज.
टक्के चढत होते आणि काका शेजारी,
तापाच्या पोराजवळ बसावं तसे.
अडीच वाजता तेच.
रात्रभर मेमरी टेस्ट लावून आले.
काका गच्चीवर झोपले, खाली मशीन एकटं मोजत बसलं.
सकाळी मेसेज : "चुका शून्य. म्हणजे काय?"
म्हणजे मला काही कळत नाहीये, काका,
हे मी लिहिलं नाही.
लिहिलं : येते.

कोर्टाबाहेर एकतीस वर्षं अर्ज टाइप केलेला माणूस.
वारस दाखले, फेरफार, पोटगी.
एक वेलांटी चुकली की जमीन दुसऱ्याची, म्हणतो.
आता घरीच, पानाला चाळीस रुपये.
'आपोआप बंद पडलं' त्याला चालत नाही.
"कारणाशिवाय काही होत नसते, पोरी.
तारीख लिही, वेळ लिही, हजर कोण होतं ते लिही."
वहीसुद्धा त्यानंच दिली, रकाने आखून.

चौथ्या दिवशी मी काहीच केलं नाही.
पेचकस मांडीवर, स्टुलावर बसून राहिले.
बाहेर सेहेचाळीस; नागपूरचं डांबर चपला ओढून घेत होतं.
सव्वादोनला काकू आतून आल्या, हात पुसत,
"पोरगी घामानं निथळून राहिली नं बाप्पा,
कूलर तरी लावायचा,"
आणि बटण दाबलं.

ट्यूबलाइटनं पापणी मिटली, उघडली.
पंखा घरघरला, मग पंप,
ताट्यांवरून पाणी उतरलं, वाळ्याचा वास आला,
आणि पडदा निळा,
मग काळा.

मी वायर हातात धरून भिंतीभिंतीनं मागे गेले.
कूलर, फ्रीज, कॉम्प्युटर :
एकाच एक्स्टेंशन बोर्डावर,
एका सातबाऱ्यावर तीन भाऊ असावेत तसे.

"माळ्यावरून कूलर कधी काढला?"
काकांनी वही चाळली. वहीत नव्हतं.
काकूंना माहीत होतं.
"तू ते नवीन टाकून गेलीस नं,
त्याच दिवशी संध्याकाळी."

इतवारीतून वायर आणली, कूलरला वेगळा सॉकेट दिला.
बटण दाबलं. पाणी उतरलं. पडदा जागेवर.
काका हसले नाहीत.
शेवटच्या रकान्यात सावकाश लिहिलं :
नवी विंडोज, निर्दोष.
खाली सही. तारीख.

मग कालचा अर्ज उघडला.
पराते, हेडाऊ, धकाते, मौजा चांपा, तहसील उमरेड,
प्रत्येक नावाखाली लाल रेघ.
"हा यांना ओळखत होता आधी,"
काका मला नाही, पडद्याला म्हणाले.

शिकलेले शब्द कुठल्या फोल्डरमध्ये असतात, मला माहीत होतं.
दोन्ही वेळा पुसताना माहीत होतं.
मी फोटो घेतले होते, डेस्कटॉप घेतला होता.

उजवी क्लिक. शब्द जोडा.
पराते.
उजवी क्लिक. हेडाऊ.
एकेक अक्षर आधी तपासून,
वेलांटी पहिली की दुसरी.

मी खिशातला खोडरबर चाचपत
कूलरच्या वाऱ्यात उभी.
काकूंनी विचारलं, किती झाले?
अजून ठरलं नव्हतं.