तिसऱ्या खांबापलीकडे

चोराच्या मनात चांदणं, म्हणतात.
आमच्या फ्योर्डवर जुलैत चांदणं नसतंच.
रात्री अकराला सुईत दोरा ओवता येतो.
म्हणजे चोरी करायची तर लख्ख उजेडात,
सगळ्या खिडक्यांसमोरून,
हातात बादली घेऊन,
जणू शेळीची धार काढायलाच निघालेय.

मुल्ते कुठे पिकतात हे इथे कुणी सांगत नाही.
लग्नाच्या बायकोला सांगत नाहीत,
मरताना पाद्र्याला सांगत नाहीत.
हाल्वदान तर दलदलीकडे जायचं असलं
की आधी मैलभर उलटा चालतो.
नऊ उन्हाळे मी पडद्याआडून पाहिलं
आणि दहाव्या उन्हाळ्यात
विजेच्या तिसऱ्या खांबापलीकडे
उजवीकडे वळले.

एका देठाला एकच फळ.
कच्चं असताना लालबुंद,
पिकलं की लाज सोडून मधाच्या रंगाचं.
डासांनी मानेची चाळण केली.
बादली भरायला साडेतीन तास,
गुडघ्यांनी अजून माफ केलेलं नाही.

शनिवारी प्रार्थनाघराच्या छपरासाठी बाजार.
सोल्फ्रिद वाफेल करणार, दरवर्षी तीच करते,
आणि दरवर्षी पहिला जळतो.
मी म्हटलं, कपकेक.
लोणी-साखर फेसली, अंडी फोडली,
वेलची कुटली, तिच्याशिवाय आमच्याकडे पिठाला नाव नाही.
ओव्हनच्या काचेआड चोवीस घुमट उगवले.
निवल्यावर सफरचंदाचा गाभा काढायच्या नळीने
एकेकाचं काळीज काढून घेतलं,
त्या जागी दोन चमचे मुल्ते,
वर त्याचंच झाकण.
ऐवज पुरावा तसं.

पण वास कसा पुरणार?
म्हणून वर तपकिरी चीज:
शेळीच्या दुधाची निवळ आटवून आटवून
गुळाच्या रंगावर आणलेलं,
पावावर पातळ काप ठेवून खायचं,
असं कुणी लोण्यात फेटत नाही.
पहिला घाणा फुटला, वाळूसारखा रवाळ.
कोंबड्यांनीही मान फिरवली.
दुसऱ्यांदा किसून घेतलं, मंद आचेवर, साय घालत घालत,
लाकडी चमचा एकाच दिशेने,
आणि शेवटी मीठ,
चिमटीला कळतं तेवढंच.
तेव्हा ते चकाकलं, नव्या खोगिरासारखं:
खारट, गोड, थोडं शेळीच्या अंगचं.
याच्याखाली, म्हटलं, दलदल काय,
अख्खा डोंगर लपेल.

हाल्वदान आला. टोपी काढली.
वीस क्रोनर मोजून ठेवले. चावा घेतला.
जबडा थांबला.
जिभेने दाढेतली बी शोधली, पुढे आणली,
बोटावर घेऊन खिडकीशी धरली,
सोनार धरतो तशी.
सोल्फ्रिदचं वाफेलयंत्र सुस्कारे टाकत होतं.
माझ्या कानांच्या पाळ्या
कच्च्या मुल्त्यांच्या झाल्या.

"चार दिवस थांबायचं होतंस," तो म्हणाला.
"तिथलं पाणी लोखंडी आहे.
पुरतं पिकलं की तो कडवटपणा जातो."

बस्स.
आणखी सहा घेतले, डब्यात भरून.
दारापाशी वळला:
"वरचं ते काय केलंयस?"

मी सगळं सांगितलं.
किती चीज, किती साय, कसली आच,
चमचा कुठल्या दिशेने.
पावतीच्या पाठीवर पेन्सिलीने
त्याने एकेक शब्द उतरवून घेतला,
परत वाचून दाखवला,
मी मान डोलावली.

मीठ सोडून.