दोन बोटं, मानेच्या कडेला

शालिकभाऊंनी पहिल्या दिवशी शिकवलं ते दार लावायला.
कुलूप नाही, नुसतं दार. फट ठेवायची नाही.
"एक माशी आत गेली, का सारी विद्या पान्यात."

दुसऱ्या दिवशी हातमोजे. बायांच्या मापाचे इथं येत नाहीत.
बोटांच्या पुढं रबर लोंबतं,
दुसऱ्याच कुणाचे हात घालून आल्यासारखं.

औषध किती, पाणी किती, मी वहीत लिहिलं.
ते म्हणाले, "लिहून ठेव, पन नाकालेही विचारत जाय."
माझं नाक चार हंगाम वणीच्या जिनिंगमध्ये
रुईच्या धुळीनं बुजलेलं. त्याला काय विचारणार?
फॉर्मलिन आधी डोळ्यांनी ओळखलं.
वाहत राहिले. शालिकभाऊंनी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

मग धमनी.
"पहिले सोताच्या मानेवर पाह्य. घाटीच्या बाजूले, दोन बोटं."
लगेच सापडली, बोटाला ढुशी देत.
"आता ठिकान ध्यानात ठेव.
तिथं कोनी ढुशी देनार नाही."

आज माझ्या हाताखालचा पहिला माणूस.
सुखदेव भुइयां, वय एकतीस, खाणीवर डंपर चालवायचा.
गाव पलामूकडं, गाडीनं दोन रात्री.
बाहेर व्हरांड्यात त्याचा भाऊ
चार्जिंगची वायर आखूड म्हणून
वाकूनच बोलतोय फोनवर, मघापासून.

आमच्याकडं माणूस गेला की घाई सुटते.
लाकडं आली का, दिवस किती उरला, कोण यायचं राहिलं.
आईच्या वेळी मी यायची राहिले होते.
पांढरकवड्याची एसटी, मे महिना.
"ठेवता आली नसती," चुलता म्हणाला.
नसतीच आली.
हे दार, ही बाटली, ही नळी
तेव्हा आमच्यात कुणाला ठाऊक होती?

शालिकभाऊंनी बाटली खिळ्याला टांगली,
माझ्या डोक्याच्या वर हातभर.
"जोर नाही लावाचा. ओलित करतो तसं.
पानी आपल्या गतीनं जाऊ दे, शेवटच्या सरीवर."
मी हात चोळत बसले, खांद्याकडून पंजाकडं,
आखडलेली बोटं एकेक उलगडत.
नखांतला कोळसा निघाला नाही.
बऱ्याच वेळानं कानाच्या पाळीवर
किंचित भरलेपण आलं.
"पोचलं," ते म्हणाले, आणि पहिल्यांदा स्टुलावर टेकले.

पापण्यांखाली कापसाचा पापुद्रा ठेवायचा.
कापूस मला ओळखीचा वाटत होता.
एवढा थोडा मी कधी हाताळलाच नव्हता.

दाढी त्यांनी केली. भांग मी पाडला,
डावीकडं, घरच्या माणसाचा पडतो तसा.

भावाला आत घेतलं. तो म्हणाला, "दर्द तो नहीं हुआ?"
कशाचं विचारतोय, डंपरचं की आमचं,
मला कळेना.
"नही बेटा," शालिकभाऊ म्हणाले.
मग तो वाकला, नुसत्या बोटांनी केस फिरवले,
भांग उजवीकडं नेला,
जरा मागं सरून पाहिलं, म्हणाला, "हां."

गाडी गेली. हात तीनदा धुतले, वास आहेच.
वही काढली. प्रमाणाच्या खाली,
मानेच्या वेड्यावाकड्या चित्राशेजारी
जागा होती तेवढ्यात लिहिलं:
भांग कोणत्या बाजूला, आधी विचारणे.