राखीव गोलकीपरची साक्ष

शांतवन पारखे खेळायचा तेव्हा
बिटको चौकातले रिक्षावाले भाडं नाकारायचे.
तोफखान्याविरुद्ध त्यानं जवळजवळ कॉर्नरवरून
डाव्या पायानं मारलेला तो गोल
वालदेवीच्या काठी ज्यानं पाहिला नाही तोही सांगतो,
आणि दर वर्षी अंतर हातभर वाढतं.

मी त्याच संघात होतो.
अकरा वर्षं, बाकावर, हातमोजे घालून.
आमचा पहिला गोलकीपर दुसंगे कधी आजारीच पडला नाही.
लग्नाच्या दुसऱ्या दिवशीही आला,
कानामागे हळद तशीच.

प्रेसमध्ये माझं काम नोटांचे ताव तपासायचं.
सगळे सारखे.
त्यातला सारखा नसलेला एक शोधायचा.
दिवसभर तेच, आणि संध्याकाळी मैदानावर तेच.

शांतवनचे गुडघे गेले, तेव्हा त्याला प्रशिक्षक केलं.
हार, नारळ, नवी शिट्टी.
ज्याच्या विहिरीला पाणी लागलं
त्यालाच पाणाड्या नेमला.

पोरं विचारायची, सर, कसं मारायचं?
तो मारून दाखवायचा : असं.
पोरं मारायची. चेंडू जेल रोडला.
असं नाही रे. असं.
पुन्हा तोच आवाज, ओल्या गोणपाटावर काठी बसावी तसा,
पुन्हा जाळीचा वरचा कोपरा.
त्या ‘असं’च्या पलीकडे त्याच्याकडे शब्दच नव्हता.
चिडायचा. चालता येतं ना तुम्हाला?
मग हे का येत नाही?

त्या मोसमात सात-शून्य हरलो.
मग पाच. मग उजेड गेला म्हणून फक्त तीन.
दोघं क्रिकेटला गेले, एक द्राक्षाच्या छाटणीला.

डिसेंबरातली संध्याकाळ. प्रेसचा भोंगा होऊन गेलेला.
शांतवन आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बाकावर बसला
आणि ओरडत उठला.
कोणत्या टोकाला खिळा वर आलाय
हे त्याला कुठून माहीत असणार.

मग जपून बसला. म्हणाला,
दगू, खरं सांग. मी मारायचो कसं?

मी सांगितलं.
तिसऱ्या पावलाला तू श्वास सोडायचास.
उजवा खांदा आधी पडायचा, पाय मागून यायचा.
जाळीकडे बघायचा नाहीस,
कीपरच्या गुडघ्याकडे बघायचास.
आणि चुकलास की जीभ चावायचास.
पेनल्टी एकूण नऊ चुकलास,
मला तारखांसकट पाठ आहेत.

झोपेत आपण काय बडबडलो
ते दुसऱ्यानं सांगावं, तसा ऐकत राहिला.
उठला. चेंडू ठेवला.
तिसऱ्या पावलाला श्वास सोडला, खांदा पाडला.
चेंडू कुंपणावरून रुळांकडे.
दुसराही. सातवाही.
मला वाटलं, मी काहीतरी मोडलं.

रुळांकडचे चेंडू गोळा करत होता
विहितगावचा हगवण्यांचा पोरगा.
त्यानं सगळं ऐकलं असणार.
आला, एक चेंडू खाली टाकला, मारला.
दांडीला लागला. दांडी कितीतरी वेळ थरथरत होती.

असं नाही, शांतवन म्हणाला,
आणि थांबला.
दगू, तू सांग त्याला.

आता कुणी म्हणेल, म्हणजे बाकावरचेच चांगलं शिकवतात.
थांबा.
दुसंगे ओझरला शिकवतो, त्याची पोरं दर साल चषक नेतात.
आणि मी एक मोसम एकट्यानं संघ सांभाळला,
तेव्हा पोरांना इतकं सांगितलं, इतकं सांगितलं,
की ती चेंडूपाशी पोचून विचार करत उभी राहायची.

तर माझी साक्ष एवढीच :
तोफखान्याशी पुढचा सामनाही आम्ही हरलो.
चार-दोन.
ते दोन लिहून घ्या.

खिळा अजून कुणी ठोकलेला नाही.
शांतवन आता न बघता
त्याच्या अलीकडे बसतो.